मे महिन्यातली शाळा : ख्रिस्ती बालशिबिरांच्या अभ्यासाची प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यात मे महिना सुरू झाला की शाळांना कुलपे लागतात आणि मुलांच्या दुसऱ्याच शाळा भरू लागतात. संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यातले, त्यामुळे वारकरी बालसंस्कार शिबिरे इथे नवी नाहीत. हरिपाठ, टाळ धरायची रीत आणि मृदंगाचे पहिले बोल मुले तिथे शिकतात. बौद्ध वस्त्यांत श्रामणेर शिबिरे होतात आणि चीवर घातलेली दहा-बारा वर्षांची मुले रांगेने चालताना दिसतात. मुस्लिम मोहल्ल्यांत सुटीतले दीनियातचे वर्ग असतात. याच दिवसांत मूठभर ख्रिस्ती कुटुंबांची मुलेही चर्चच्या पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर पाळकांच्या घरापुढच्या मांडवात जमतात. कोणी या जमण्याला व्हीबीएस म्हणते, कोणी सुटीतली पवित्रशास्त्र शाळा, तर बहुतेक जण नुसते ‘शिबिर’. पुढचे विवेचन या शिबिराविषयी आणि त्याला मुले पाठवणाऱ्या घरांविषयी आहे.

एवढ्याशा गोष्टीचा अभ्यास तो काय करायचा, असे वाचकांना वाटले तर ते साहजिक आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे शंभरात जेमतेम एक. त्यांतलेही बहुतेक मुंबई, वसई, पुणे आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) या पट्ट्यात. हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या वाट्याला त्यातले फार थोडे येतात. पण इतक्या लहान समाजाने मराठीला जे दिले ते लहान नाही. फादर थॉमस स्टीफन्सचे अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूरला छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती, मग त्यांच्या कानांवर सणावाराला काय पडणार, या गरजेतून ते पुराण आले. श्रद्धा घरात कशी टिकवायची आणि पोरांपर्यंत कशी न्यायची, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अगदी मुळाशी आहे. मे महिन्यातले शिबिर हा त्याच प्रश्नाचा आजचा, साधा आणि पुष्कळदा विस्कळीत चेहरा. त्याच्याकडे त्या नात्याने पाहावे, अशी विनंती आहे.

आधी भूगोल. हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन जिल्हा झाला, त्यामुळे ‘हिंगोलीचा ख्रिस्ती इतिहास’ असा स्वतंत्र ग्रंथ शोधायला जाल तर हात रिकामे राहतील. त्याचे धागे आजूबाजूला पसरले आहेत. निजामाच्या राजवटीत जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे गावच वसवले. त्यासाठी निजामाचे दिवाण सर सालार जंग यांच्याकडून जमीन मिळाली. शेषाद्री १८४३ साली ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. बहिष्कृत झालेल्या नवख्रिस्ती कुटुंबांना पोटापाण्यासह एकत्र राहता यावे, ही त्यांची धडपड होती. उत्तरेला वाशीम. तिथे १९३० च्या दशकात नाझरीन मंडळीचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले आणि दवाखान्याभोवती परिचारिका, ड्रेसर, स्वयंपाकी अशा माणसांची एक ख्रिस्ती वसाहत आकाराला आली. पूर्वेला यवतमाळ. तिथे फ्री मेथडिस्टांचे काम जुने, आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्याला हलेपर्यंत तिथेच होती. कॅथलिकांसाठी मराठवाडा १९७७ पासून औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. दक्षिणेला, जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मुलखात धारूरची मेथडिस्ट जातरा १९२३ पासून भरते. हे धारूर तेलंगणातले, बीडचे किल्ले धारूर नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे.

या सगळ्या वाटांवर लग्नसंबंध जुळतात, नोकऱ्या मिळतात, पाळकांच्या बदल्या होतात. हिंगोलीतल्या एखाद्या घरात आजी बेथेलकडची, सून वाशीमच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलेली आणि जावई नगरचा, असे सहज असू शकते. शिबिरात गाणे कोणत्या चालीवर म्हणायचे यावरून जो गोड वाद होतो, त्याचे मूळ पुष्कळदा या नकाशात सापडते.

आता जगाकडे एक धावती नजर. रविवारची शाळा रॉबर्ट रेक्स यांनी १७८० च्या सुमारास इंग्लंडमधील ग्लॉस्टरला रुजवली. आठवडाभर कारखान्यांत राबणाऱ्या पोरांना रविवारी अक्षर-ओळख आणि शास्त्रपाठ मिळावा, हा तिचा हेतू. सुटीतली शाळा त्यामानाने अलीकडची. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागात हॉज नावाच्या बाईंनी रस्त्यावर हुंदडणाऱ्या पोरांसाठी चक्क बिअर पिण्याचा एक हॉल भाड्याने घेतला आणि तिथे शास्त्राचे वर्ग भरवले. थोड्याच वर्षांत रॉबर्ट बोव्हिल यांनी त्या प्रयोगाची चळवळ केली. त्याआधी, १८६८ मध्ये, वेल्समधील लँडुड्नोच्या समुद्रकिनारी जोसाया स्पायर्स यांनी मुलांना जमवून वाळूत अक्षरे काढली होती. मुलांच्या खास उपासनांची आणि पुढे स्क्रिप्चर युनियनची वाट तिथून फुटते. निवासी शिबिराचा नाद वायएमसीएने लावला. आपल्याकडे मुंबई वायएमसीएचे मावळातील निळशी येथील शिबिरस्थान त्याच वळणाचे. इथे याहून जास्त थांबायचे कारण नाही, कारण खरी गंमत हा परदेशी साचा मराठवाड्यात येऊन कसा बदलला यात आहे.

अमेरिकेत शिबिर म्हणजे मुलाने घर सोडून तळ्याकाठच्या झोपडीत जाणे. आपल्याकडे मिशनच्या काळात झाले उलटे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर मिशनच्या अनाथाश्रमांत आणि बोर्डिंगांत मुलांची रीघ लागली. पुढेही खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती घरांतली मुले वर्षाचे दहा महिने बोर्डिंगमध्येच वाढत. प्रार्थना, गीते, शिस्त, इस्त्रीचे कपडे हे सगळे त्यांना तिथे मिळे, आणि मे महिन्यात ती घरी येत. म्हणजे या समाजात धर्मशिक्षणाची जागा बोर्डिंग होती आणि सुटीची जागा घर. घरी आलेले मूल आईला जेवणाआधीची प्रार्थना शिकवी. पुढे बोर्डिंगे आटली, मुले गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ लागली आणि बोर्डिंगने दहा महिन्यांत केलेले काम दहा दिवसांच्या शिबिरावर येऊन पडले. आजच्या शिबिराकडून एवढ्या अपेक्षा का असतात आणि ते त्या ओझ्याखाली कधी कधी का दमते, हे या इतिहासावाचून उमगत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की शिबिराचा अभ्यास मांडवातून सुरू न करता घरातून करावा. मराठी ख्रिस्ती परंपरेचा सगळ्यांत मोठा दाखलाही घराचाच आहे. ‘केवढे हे क्रौर्य’ लिहिणारे, फुलामुलांचे कवी म्हणून शाळेत भेटणारे नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षे ताटातूट, तीर्थक्षेत्रातला मुक्काम, नातेवाइकांची बोलणी, पुन्हा एकत्र येणे आणि एकाच छपराखाली दोन चुली. १९३० च्या दशकात आलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंनी हे सगळे कुठेही सूर न चढवता, हसत-रडत सांगितले आहे. श्रद्धा एका घरातल्या दोन माणसांना एकाच दिवशी गाठत नाही, आणि मागे राहिलेल्याला ओढून नेता येत नाही, हे त्या पुस्तकाइतके स्वच्छ कुठल्याही धर्मशिक्षणाच्या हस्तपुस्तिकेत सापडणार नाही. टिळकांच्या घरात दुष्काळ-प्लेगच्या काळात परक्यांची कितीतरी मुले वाढली. ती उपदेशापेक्षा लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघराने सांभाळली. रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक साहित्य म्हणून तर वाचावेच, पण आपल्या कामाचे पाठ्यपुस्तक म्हणूनही वाचावे.

शिबिराचा एक दिवस जवळून पाहू. हिंगोलीच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून सकाळी सातलाच सुरुवात आणि अकराच्या आत घरी. दाराशी पाण्याचा जार, शेजारी ग्लुकोजचा डबा. ढोलकी, टाळ आणि एखादा कॅसिओ. आधी कृतिगीते, कारण मुले अजून झोपेत असतात आणि हात-पाय हलवल्याशिवाय जागी होत नाहीत. मग गट पडतात. लहानग्यांचा गट सतरंजीवर, मधल्यांचा कडुनिंबाखाली, मोठ्यांचा वेदीजवळ पंख्याखाली, आणि पंखा कोणाकडे यावरून रोज कुरबूर. गोष्ट सांगणारी टीचर बहुधा बारावी झालेली मुलगी. परवापर्यंत तीही याच सतरंजीवर होती. आज विषय उधळ्या पुत्राचा. ती विचारते, “बाप वाटेकडे डोळे लावून का बसला असेल?” एक मूल म्हणते, “त्याला फोन नव्हता ना, टीचर.” हशा पिकतो. दुसरे म्हणते, “आमचे पप्पा कारखान्याला गेले की आजी असंच बसती.” वर्गात क्षणभर कोणी बोलत नाही. हातातल्या मार्गदर्शक पुस्तिकेत या उत्तराला जागा नसते. चांगली टीचर इथे पुस्तिका मिटते. पुढे वचनाचे पाठांतर, वहीत चित्र रंगवणे, पोहे किंवा मुरमुऱ्यांचा चिवडा, आणि दारात पाळकसाहेबांना ‘सलाम’ करून पळ.

त्या मुलाच्या उत्तरात या जिल्ह्याचे अर्थकारण आले आहे. मराठवाड्यातली पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वसमत-हिंगोलीकडे हळद काढणे, शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश करणे फेब्रुवारीपासून चालते, आणि मे महिन्यातही हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये हमालांना उसंत नसते. शिबिराच्या तारखा पंचांगापेक्षा या कामांवर ठरतात. तारखा चुकल्या तर मुले येतात, पण पालक येत नाहीत. समारोपाच्या संध्याकाळी पोरांचे नाटुकले पाहायला आई-वडील मागे उभे राहिले नाहीत, तर शिबिर झाले असे मी तरी मानत नाही.

मुलांच्या बाजूने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चाळीस मुलांच्या वर्गात शमुवेल किंवा रूथ नावाचे मूल बहुधा एकटेच असते. आडनाव गायकवाड किंवा साळवे, बोली अस्सल मराठवाडी, आणि नाव मात्र असे की हजेरीला दरवेळी नव्या गुरुजींचे बोट अडते. “तू कोणता रे?” हा प्रश्न त्याला लहानपणापासून येतो. तो बहुतेकदा निव्वळ कुतूहलाचा असतो, पण उत्तर रोज द्यावे लागते. वर्षातले हे दहा दिवस असे, की त्याला काहीच समजावून सांगावे लागत नाही. शिबिरातली गीते, बक्षिसे आणि रंगीत कागदाचे मुकुट बाजूला ठेवले तरी एवढे दान मोठे आहे. हीच गरज मोठ्या माणसांनाही असते, म्हणून तर सप्टेंबरमध्ये नगर जिल्ह्यातल्या हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला लांबलांबून कुटुंबे जातात.

हे कौतुक झाले. पण हा विषय हातात घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. काही शिबिरांत शेवटच्या दिवशी दिवे मंद करून, वाद्य हळू वाजवत, लहान मुलांना हात वर करायला लावून ‘निर्णय’ मोजले जातात. आठ वर्षांच्या पोराच्या अशा निर्णयात श्रद्धा किती आणि टीचरला खूश करायची इच्छा किती, हे कोण सांगणार? मला ही मोजणी पटत नाही. दुसरे, भाषांतरित साहित्य. पुस्तिकेतली मुले बर्फात घसरगुंडी खेळतात आणि मांडवातल्या मुलांनी बर्फ पाहिला असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. तिसरे, प्रोजेक्टर आल्यापासून कीर्तन मागे पडले. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा नगरकडे एकोणिसाव्या शतकातली. अभंग, ओवी, साकी, दिंडी हे सगळे प्रकार तिने आपलेसे केले. मराठवाड्यातल्या मुलाला उत्तररंग म्हणजे काय हे शेजारच्या सप्ताहातून ठाऊक असते, मग त्याला दाविदाची कथा त्याच घाटात का सांगू नये?

आणखी एक बाब स्पष्ट बोलायला हवी. मुलांच्या श्रद्धेचा विषय आपल्याकडे नाजूक आहे. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म पाळण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. अठ्ठाविसाव्या कलमानुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात सामील करून घ्यायचे तर पालकाची संमती लागते. शिबिर शाळेत भरत नसले तरी या कलमामागचा विवेक तिथेही लागू करावा. शेजारची मुले गाण्यांच्या आवाजाने येऊन बसतात, हे नेहमीचेच. त्यांना पोहे द्यावेत, खेळात घ्यावे, पण घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांचे नाव पटावर घालू नये. आपली मुले दुसऱ्याच्या शिबिरात गेली तर आपण जी अपेक्षा ठेवू, तीच इथे. बालकांच्या सुरक्षेसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. शिकवणारे कोण, त्यांच्याबद्दल चौकशी कोणी केली, एकट्या मुलाबरोबर एकटा प्रौढ बंद खोलीत राहणार नाही याची काळजी कोण घेते, हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. ज्या मंडळीत हे प्रश्न विचारता येतात, तिथे मुले पाठवावीत.

आता वाचनाविषयी. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकांनी मिशनच्या इंग्रजी अहवालांपासून सुरुवात करू नये, असे मी सुचवेन. ते उपयोगी आहेत, पण देणगीदारांसाठी लिहिलेले आहेत. त्यांत डोकी मोजलेली असतात, घरे क्वचित दिसतात. त्याऐवजी ‘स्मृतिचित्रे’ घ्या. मग १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’चे जुने अंक चाळा. टिळकांनी त्याच्या संपादनात आयुष्याची शेवटची वर्षे घातली. अमेरिकन मराठी मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक १८७० च्या दशकातले. मराठीत मुलांसाठी लिहिणे ही वेगळी कला आहे, याची जाण वाढवणाऱ्या आरंभीच्या नियतकालिकांत त्याची गणना व्हायला हवी. ‘उपासना संगीत’ तर हाताशीच असते. कोणत्याही मराठी प्रॉटेस्टंट घरात ते उघडा, कोणती पाने जास्त मळली आहेत ते पाहा, त्या घराचा भक्तीचा इतिहास समोर येतो. पंडिता रमाबाईंचे बायबलचे भाषांतरही पाहावे. साध्या बायकांना कळावे म्हणून त्यांनी ते केले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिथल्याच मुली-बायकांच्या हातून ते छापले गेले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, बाहेर आले.

छापील साधने एवढ्यावर संपतात. पुढचे काम पायी हिंडून करायचे आहे. शिबिराच्या हजेरीवह्या, मुलांच्या रंगवलेल्या वह्या, समारोपाचे फोटो पाळकांच्या कपाटांत पडून असतात आणि बदली झाली की रद्दीत जातात. कोणीतरी ते गोळा करायला हवे. घरोघरी गेल्यावर भिंतीही वाचाव्यात. एका घरात मी धान्याच्या कोठीच्या झाकणावर आतून चिकटवलेली वचनाची रंगीत चिठ्ठी पाहिली आहे. तेलकट झालेली, कोपरा उंदराने खाल्लेला. मुलीने तीन वर्षांपूर्वी शिबिरातून आणलेली ती चिठ्ठी तिच्या आजीने तिथे लावली होती. आजीला वाचता येत नव्हते, पण वचन पाठ होते. मुलगी ते विसरली होती. शिबिराचा परिणाम मुलांवर किती झाला, हे विचारणाऱ्या प्रश्नावलीत ही आजी कुठल्या रकान्यात बसवणार?

तेव्हा तुम्ही या वाटेने येणार असाल तर मे महिन्यात या, आणि शक्य तर दोनदा या. एकदा शिबिर चालू असताना, आणि एकदा पावसाळा लागून शाळा सुरू झाल्यावर, जेव्हा टीचर कॉलेजच्या प्रवेशाच्या धावपळीत असते आणि पाळक सायकल किंवा मोटारसायकलवरून घरभेटी देत फिरतात. त्यांच्या मागे बसायला मिळाले तर संधी सोडू नका. मांडवात पहिल्या रांगेत बसू नका, मागे पोहे ढवळणाऱ्या बायकांजवळ बसा. कोणत्या मुलाचे वडील कधी परतले, कोणाच्या घरी दारूमुळे संध्याकाळची प्रार्थना बंद पडली, कोणाच्या आईला चर्चला यायला सासरचे सोडत नाहीत आणि तरी ती मुलांना धाडते, हे त्यांना ठाऊक असते. त्या लगेच सांगणार नाहीत. आधी तुमच्या हातात कोथिंबीर निवडायला देतील. ती निवडा. वही बाहेर काढायची घाई करू नका, आणि जे सांगितले जाईल त्यातले काय लिहायचे हे त्यांनाच विचारा.